कागद सर्दावू नये म्हणून : क्राफ्टचं सामान घरात कुठे आणि कसं ठेवावं

दुकानातून कार्डशीट, पंच, स्टॅम्प घेऊन निघताना ग्राहक हमखास विचारतात, "आता हे सगळं ठेवायचं कुठे?" गर्दीच्या वेळी काउंटरवर उभ्याउभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

क्राफ्टरूमच्या व्हिडिओंमध्ये भिंतभर उघडे रॅक दिसतात, त्यावर रंगांप्रमाणे लावलेले कागद, काचेच्या बरण्यांत मणी. दिसायला छानच. पण जुलैत मुंबई, ठाणे, रत्नागिरीकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते आणि ६५-७० टक्क्यांच्या पुढे ती बरेच दिवस टिकली की कागदावर बुरशी धरू शकते. बुरशी नाही धरली तरी कागद लिबलिबीत होतो, पंचमध्ये अडकतो, कडा फाटतात. म्हणून आमचा सल्ला असा : आधी ओल आणि धुळीपासून बचाव, मग हाताशी असण्याची सोय, आणि दिसणं सगळ्यांत शेवटी. पुणे, नाशिक, नागपूरकडे हवा कोरडी, तिथे उघडे रॅक थोडेफार चालतील. पण चार महिने पाऊस तिथेही असतोच.

जागा निवडताना

वेगळी खोली लागत नाही. कपाटाचे दोन खण आणि जेवणाचं टेबल एवढ्यात उत्तम काम होतं. मात्र तो खण बाथरूमच्या भिंतीला किंवा पाऊस झोडपतो त्या बाहेरच्या भिंतीला लागून नसावा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, मागून हवा खेळू द्या. माळ्यावर कागद टाकू नका. उन्हाळ्यात वर तापतं, डबल टेपचा गम वितळून कडांनी बाहेर येतो, आणि वर गेलेली वस्तू परत खाली येत नाही हेही खरंच.

कागद

१२ इंची, म्हणजे साधारण ३०.५ सेंटीमीटरचा चौकोनी कागद नेहमीच्या ए-४ फाइलीत मावत नाही. मग तो गुंडाळी करून कोपऱ्यात उभा राहतो आणि तिथेच त्याचं आयुष्य संपतं. हा कागद आडवाच ठेवा, सपाट, झाकणाच्या डब्यात. उभा ठेवायचा असेल तर खण गच्च भरलेला हवा. अर्धा रिकामा असेल तर आठवड्याभरात कागद पोटातून वाकतो.

ग्लिटर किंवा फॉइलचा कागद पावसात गोल का वळतो, हे बरेच जण विचारतात. त्याची चकचकीत बाजू ओल शोषत नाही, मागची साधी बाजू शोषते आणि फुगते. एक बाजू वाढली, दुसरी तेवढीच राहिली, की कागद चकचकीत बाजूकडे वळणारच. अशा कागदांच्या जोड्या करा, चकचकीत बाजू समोरासमोर, आणि वर जाड पुठ्ठा व एखादं वजन ठेवा. इस्त्री फिरवू नका, ग्लिटर सुटतं.

कागदांच्या मध्ये वर्तमानपत्र घालायची सवय घरोघरी आहे. ती कृपया मोडा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, असतो, त्यामुळे तो पिवळा पडत जातो, त्यातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं, आणि शाई लागते ती वेगळीच. मध्ये ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, कोरा कागद घाला. पतंगी कागद मात्र पूर्ण वेगळा, बंद पिशवीत ठेवा. ओल लागली की त्याचा रंग सुटतो आणि खालच्या पांढऱ्या कार्डशीटवर डाग पडतो. आकाशकंदिलासाठी आणून उरलेला पतंगी कागद दिवाळीनंतर तसाच इतर कागदांवर ठेवला जातो, तो आधी बाजूला करा.

उरलेल्या तुकड्यांचं काय? तळहातापेक्षा लहान तुकडा ठेवू नका. मोठे तुकडे लग्नपत्रिकांच्या रिकाम्या पाकिटांत रंगांप्रमाणे घाला. पत्रिकांवरची सोनेरी नक्षी कापून अल्बमच्या मुखपृष्ठावर लावायला सुरेख, पण तो कागद ॲसिड-फ्री असेलच असं नाही, त्यामुळे फोटोला टेकवून चिकटवू नका.

फोटो आणि प्लास्टिक

इथे जरा थांबून वाचा, कारण कागद पुन्हा विकत मिळतो, आजीचा एकुलता एक फोटो मिळत नाही. अल्बमची किंवा साठवणीची पिशवी घेताना ती पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची नाही ना, हे बघा. नव्या रेनकोटला येतो तसा उग्र वास आला की समजावं. मऊ पीव्हीसी कालांतराने फोटोच्या चकचकीत बाजूला चिकटतं आणि ओढून काढताना चित्रच निघून येतं. पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं चालतात. साडीच्या कव्हरमध्ये कार्डशीट तात्पुरती ठेवली तर हरकत नाही, फोटो नकोत.

डांबरगोळ्याही फोटोंपासून लांब ठेवा. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. कसर, म्हणजे ती चंदेरी सरपटणारी कीड, खळीवर आणि कागदावर जगते, फोटोवरचा जिलेटिनचा थरही खाते. कणकेची खळ वापरून केलेलं काम नीट सुकल्याशिवाय डब्यात घालू नका. महिन्यातून एकदा डबा रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसणं हा गोळ्यांपेक्षा भरवशाचा उपाय. कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत, कागदाला न लागेल असा.

सिलिका जेल

डब्याचं झाकण घट्ट नसेल तर सिलिका जेलचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीचा, उपयोग नाही, ते खोलीभरची ओल शोषत बसतं आणि दोन दिवसांत भरून जातं. रबराची कड असलेला डबा घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं, घरात लहान मूल असेल तर ते टाळा. नारंगी दाणे घ्या. ते हिरवट किंवा रंगहीन झाले की ओलीने भरले असं समजा. पुडीतून काढून, स्वयंपाकात न वापरायच्या ताटलीत पसरून, ११० ते १२० अंश सेल्सिअसला दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात.

बाकीचं सामान

फोमचे इंक पॅड उलटे ठेवा, शाई स्टॅम्प टेकवायच्या बाजूला राहते. दोन टोकांचे अल्कोहोल मार्कर आडवे, नाहीतर एक टोक कोरडं पडतं. पारदर्शक स्टॅम्प उन्हात पिवळे पडतात, ते पुसून त्यांच्याच शीटवर चिकटवून अंधारात ठेवा. धातूचे डाय, म्हणजे कागद आकारात कापायचे साचे, चुंबकाच्या शीटवर. कटिंग मॅट भिंतीला तिरकी टेकवू नका, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. एकदा वाकली की ती सहसा सरळ होत नाही.

मणी, कुंदन, टिकल्या, ब्रॅड (कागदाला लावायच्या दोन पायांच्या शोभेच्या पिना) यांना जुना मसाल्याचा डबा उत्तम, फक्त धुऊन पूर्ण वाळवा, हळदीचा वास आणि डाग दोन्ही कागदाला लागतात. चमकीला स्वतंत्र डबा द्या. ती एकदा सांडली की पुढच्या प्रत्येक कार्डावर दिसते.

अर्धवट राहिलेलं काम आवरून ठेवायची वेळ येते, कारण टेबलावर ताटं मांडायची असतात. त्यासाठी मिठाईचा मोठा सपाट खोका ठेवा. एका कामाचे कागद, फोटो, गम सगळं त्यातच. टेबल मोकळं व्हायला मिनिटही लागत नाही आणि पुन्हा बसल्यावर शोधाशोध होत नाही.

कटरची बोथट पाती सुटी कचऱ्यात टाकू नका. कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांची बोटं कापतात. रिकाम्या पत्र्याच्या डबीत साठवा, भरली की झाकण टेपने बंद करून त्यावर "पाती" असं लिहा आणि सुक्या कचऱ्यासोबत, पण वेगळी, कचरा नेणाऱ्यांच्या हातात द्या.

तुमच्याकडचं पाकीट पीव्हीसीचं आहे की नाही याबद्दल शंका असेल तर एक रिकामं पाकीट दुकानात घेऊन या, आम्ही पाहून सांगू. आमच्याकडून घेतलेला १२ इंची कागद तुमच्या डब्याच्या मापाने कापूनही देतो, त्यासाठी डब्याची आतली लांबी-रुंदी मोजून आणा.