मॉनिटर घेताय? आधी कॉम्प्युटरचा पोर्ट बघा

"नवीन मॉनिटर लावलाय पण अक्षरं ब्लर दिसतायत, पीस बदलून द्या" असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो, सेटिंगमध्ये रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं, ते किती ठेवलंय? कारण बहुतेक वेळा पॅनल, म्हणजे मॉनिटरची काच-पडदा, ठणठणीत असतं, घोळ तिथेच असतो.

पॅनलवरचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, हे त्याचं नेटिव्ह रिझोल्यूशन, ते काही कमीजास्त होत नाही. आता अशा पॅनलला कॉम्प्युटरने १३६६ बाय ७६८ पाठवलं तर पाठवलेल्या एका पिक्सेलच्या वाट्याला पॅनलवरचे साधारण १.४ पिक्सेल येतात, आणि अर्धा पिक्सेल वेगळा पेटवायची काही सोय नाही, मग मॉनिटर शेजारच्या पिक्सेलमध्ये रंग मिसळून वेळ मारून नेतो आणि एक बारीक काळी रेघ दोन करड्या रेघांची होऊन बसते. फोटोत चटकन कळत नाही, एक्सेल उघडलं की लगेच कळतं.

अक्षरं बारीक वाटतात म्हणून लोक रिझोल्यूशन खाली आणतात, ते नका करू. विंडोजमध्ये रिझोल्यूशन नेटिव्हच ठेवा आणि त्याच पानावर स्केल १२५ किंवा १५० टक्के करा, अक्षरं मोठी होतील आणि कडाही स्वच्छ राहतील. (काही जुनी सॉफ्टवेअर्स तरीही ब्लर दिसतात, तो दोष त्यांचा.)

आता खरी गोची फोरके मॉनिटरची. त्याचं ३८४० बाय २१६० म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या चौपट, आणि एवढा डेटा जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीतून (एचडीएमआय म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरला नेणारी केबल आणि पोर्ट) सेकंदाला ३० वेळाच जातो. चित्र दिसतं, पण माउस हलवला की बाण अडखळत सरकतो आणि दिवसभर काम करणारा माणूस वैतागतो. ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, हवं तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ (तशीच दुसरी जोडणी) पाहिजे, आणि ते कॉम्प्युटर, केबल, मॉनिटर तिन्हीकडे, एकही कच्चा निघाला तर गाडी तिथेच अडते. लॅपटॉपचा टाइप-सी पोर्ट दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, प्रत्येक टाइप-सीमधून डिस्प्ले निघतोच असं नाही. आणि डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा, बरेच जण मदरबोर्डला लावतात आणि मग कार्ड नुसतं बसून राहतं.

साइजचं म्हणाल तर २४ इंचाला फुल एचडी पुरतं, इंचाला साधारण ९२ पिक्सेल पडतात. तेच २७ इंचावर ८२ होतात आणि जवळून दाणे दिसायला लागतात, तिथे २५६० बाय १४४० घ्या असं आमचं मत.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावलात आणि टास्कबार अर्धा कापला गेला तर टीव्हीच्या मेनूत ओव्हरस्कॅन (चित्र मोठं करून कडा कापणारी सोय) बंद करा, कॉम्प्युटरमध्ये शोधत बसू नका.

ऑर्डर द्यायच्या आधी कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टांचा फोटो आणि मॉडेल नंबर आम्हाला पाठवा, केबलसकट काय चालेल ते सांगतो.