सात मिलिमीटर, सात दिवस

‘ठोके दिसत नाहीत. आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी करू.’ पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गमावलेल्या बायका बोलायला लागल्या की हे वाक्य हटकून येतं. कळा सोसल्या, पण तो आठवडा सोसवला नाही, असं कितीजणी सांगतात. डॉक्टर उगाच ताटकळत ठेवतात, असाही समज होतो. खरं कारण मात्र मोजमापात दडलेलं आहे.

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. बीज उशिरा सुटलं असेल, तर गर्भाचं खरं वय त्या हिशेबापेक्षा कमी असतं. हृदयाची धडधड सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागते आणि तेव्हा भ्रूण जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. म्हणजे ठोके न दिसण्याचे अर्थ दोन: हृदय थांबलंय, किंवा अजून सुरूच व्हायचंय. एका चित्रावरून हे सांगता येत नाही. त्यातच मोजणारा हात बदलला की मापही थोडं बदलतं. म्हणून ब्रिटनमध्ये २०११ साली निकष कडक केले. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत भ्रूणाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा गर्भाभोवतीची पिशवी सरासरी २५ मिमी व्यासाची होऊनही आत भ्रूण नाही, तरच निदान पक्कं धरायचं. त्याहून लहान असेल तर थांबायचं. भ्रूण दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे सात दिवसांत फरक स्पष्ट दिसतो. जिवंत गर्भ चुकून काढला जाऊ नये, एवढ्यासाठी ही वाट पाहणं असतं.

हे समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती मिळत नाहीत आणि बाई बाहेर येऊन गरोदर बायकांच्या रांगेत बसते. मग ‘जड उचललंस का?’, ‘कुणाची नजर लागली?’ हे प्रश्न येतात. यातलं काहीही कारण नसतं. असे निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांच्या संख्येतल्या चुकीमुळे होतात, आणि ती चूक बहुतेकदा गर्भधारणेच्याही आधी, बीज तयार होतानाच झालेली असते.

लंडनमधल्या रुग्णालयांत झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर गर्भ गमावलेल्या २९ टक्के बायकांमध्ये महिन्याभराने आघातोत्तर ताणाची लक्षणं आढळली. नऊ महिन्यांनीही १८ टक्क्यांमध्ये ती होती. तोवर रुग्णालयातली फाइल कधीच बंद झालेली असते.

शरीरही लगेच मोकळं होत नाही. एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक रक्तातून हळूहळू उतरतं, त्यामुळे गर्भ गेल्यावरही काही आठवडे घरच्या चाचणीत दोन रेघा उमटू शकतात. घरी सोडताना हे सांगितलेलं नसेल, तर ती बाई त्या दोन रेघा हातात धरून पुन्हा आशेवर बसते.