छोट्या दुकानाचे विपणन (ठाणे)

आपल्या मालाला किंवा सेवेला गिऱ्हाईक मिळावे, मिळालेले टिकावे आणि त्याने आणखी चार जणांना आणावे, यासाठी लहान धंदेवाईक जे जे जाणीवपूर्वक करतो, ते सारे. जाहिरात हा त्यातला एक भाग. व्यवस्थापनशास्त्रात विपणनाची माल, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी अशी चौकट अमेरिकन प्राध्यापक ई. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडली. मोठ्या कंपनीत या चार गोष्टींसाठी चार खाती असतात. गोखले रोडवरच्या अरुंद दुकानात चारही गोष्टी एकच माणूस गल्ल्यावर बसून, सुटे पैसे परत करता करता ठरवतो. त्यामुळे मोठ्यांचे आराखडे त्याच्या फारसे कामाचे नसतात. त्याची खरी अडचण वेळेची आणि रोख पैशाची असते.

ठाण्याची घडण

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि पुढे शहराचा बाजार स्टेशनाभोवती वाढला. जांभळी नाका, गोखले रोड, राम मारुती रोड, तलावपाळी हा पट्टा अजूनही पायी चालणाऱ्यांचा आहे. संध्याकाळी लोकलमधून उतरलेला माणूस घरी जाताना भाजी, फरसाण, औषधे घेत जातो. इथे दुकान डोळ्यांना दिसले की अर्धे काम होते. घोडबंदर रोडवरचे चित्र निराळे. उंच इमारतींच्या संकुलांतला रहिवासी तळघरातून गाडी काढून थेट हमरस्त्याला लागतो. फाटकाबाहेरच्या गाळ्यात काय मिळते हे त्याला वर्षभर ठाऊक नसू शकते. तिथे शिरकाव होतो तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून, नाहीतर रविवारी कमिटीची परवानगी काढून, ठरलेले भाडे भरून आवारात मांडलेल्या टेबलावरून. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तिथला छोटा उद्योजक दुसऱ्या उद्योजकाला माल विकतो. त्याच्या धंद्यात फलकापेक्षा वेळेवर पाठवलेले कोटेशन अधिक बोलते.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख होती. हा आकडा पाहून अनेक नव्या दुकानदारांना अख्खे शहर आपले गिऱ्हाईक वाटू लागते. प्रत्यक्षात किराणा, इस्त्री, पोळी-भाजी, सलून, दवाखाना यांचे बहुतेक गिऱ्हाईक पायी येण्याच्या टप्प्यात राहते. लग्नाच्या साड्या, दागिने किंवा एखादी खास दुरुस्ती यांसाठी लोक लांबून येतात, पण तो अपवाद. म्हणून नकाशावर आपल्या दुकानाभोवतीच्या इमारती, शाळा, रिक्षा स्टँड, देवळे मांडणे हे पहिले काम. नौपाड्यातल्या दुकानाने मानपाड्याला पत्रके वाटणे म्हणजे बहुधा पैसा वाया.

पाटी आणि दर्शनी भाग

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन. पाटीवर दुकानाचे नाव मोठे आणि काय मिळते ते बारीक, ही नेहमीची चूक. नावापुढे नुसते 'एंटरप्रायझेस' असेल, तर आत रंग मिळतो की रसगुल्ले, हे रस्त्यावरून कळत नाही. पाटी समोरच्या फुटपाथवरून, चालत्या रिक्षातून आणि रात्री दिवे लागल्यावर अशी तिन्ही वेळा वाचून पाहावी. पावसाळ्यात प्लास्टिकचे छत ओढल्यावर ती झाकली जाते का, हेही पाहावे. ठाण्यात वर्षाचे चार महिने हा प्रश्न येतोच. जुन्या पाट्यांवरचे 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाक्य पुण्याच्या नावावर विनोदाने खपवले जाते. विपणन म्हणून ते मुळीच वाईट नाही, कारण नक्कल करणाऱ्यापासून गिऱ्हाईकाला सावध करण्याचे काम ते पाच शब्दांच्या आत करते.

पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे कायद्याने बंधनकारक आहे. दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही या तरतुदीखाली आली. इतर भाषेतली अक्षरे मराठीपेक्षा मोठी ठेवता येत नाहीत. मुंबईतल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला होता. न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत देऊन पाट्या बदलायला सांगितल्या.

जुने गिऱ्हाईक

लहान धंद्याचा नफा येथे असतो. नवा माणूस दुकानात आणायला पैसे पडतात, जुन्याला परत बोलवायला बहुतेक वेळा आठवण पुरते. पूर्वी हे काम उधारीची वही करत असे. कोणाकडे महिन्याला किती तेल जाते, कोणाच्या घरी कार्य आहे, हे दुकानदाराला त्या वहीतून कळायचे. यूपीआय २०१६ मध्ये आल्यापासून पैसे मोबाईलवर जमा होतात, साउंडबॉक्स रक्कम मोठ्याने सांगतो, आणि समोर कोण उभे होते ते कोणी लिहून ठेवत नाही. सोय झाली, ओळख गेली. ती परत मिळवायला व्हॉट्सॲप बिझनेस हे सध्या सर्वांत हाताशी असलेले साधन आहे. भारतात ते जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यात मालाची यादी फोटोंसह लावता येते, ठरलेली उत्तरे साठवता येतात आणि 'नवीन', 'पैसे बाकी', 'ऑर्डर पूर्ण' अशी लेबले प्रत्येक संभाषणाला चिकटवता येतात.

व्हॉट्सॲपवर एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्याची सोय असलेल्या ब्रॉडकास्ट यादीचे एक वैशिष्ट्य अनेकांना माहीत नसते. एका यादीत जास्तीत जास्त २५६ नावे बसतात आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणजे दुकानदाराकडे हजार नंबर असून उपयोग नाही, समोरच्याकडे आपला नंबर हवा. हे काम गल्ल्यावरच होते. घंटाळीच्या आसपास मोदक विकणारी एखादी बाई गिऱ्हाईकाला पिशवी देताना, "काकू, नंबर सेव्ह करून ठेवा, उकडीचे कधी आहेत ते मंगळवारी कळवते," असे म्हणते, तेव्हा तिने परवानगी मागितली, कारण सांगितले आणि वारही ठरवून टाकला. सोसायटीच्या ग्रुपमध्ये रोज सकाळी फुलांच्या चित्रासोबत दरपत्रक टाकणाऱ्याला मात्र लोक म्यूट करतात, ॲडमिन काढून टाकतो. आठवड्याला एक संदेश, त्यात एकच गोष्ट, आणि फोटो आपल्याच मालाचा, एवढे पुष्कळ. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो पाहून आलेला माणूस पहिल्याच खेपेला फसल्यासारखा परत जातो.

मोबाईलवरचा नकाशा

'जवळचा चष्म्याचा दुकानदार' असे शोधणाऱ्याला गुगल जी नावे दाखवते, ती स्वतः गुगलने सांगितल्याप्रमाणे तीन गोष्टींवर ठरतात: शोधाशी जुळणी, अंतर आणि दुकानाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नाही, जुळणी मात्र बरीचशी आहे. गुगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानाची नोंद फुकट होते. प्रवर्ग नेमका निवडणे, फोन चालू असणे, गल्लीच्या तोंडापासून दुकान दिसेल असा फोटो असणे आणि वेळा खऱ्या असणे महत्त्वाचे. दुपारी एक ते चार दुकान बंद असेल तर तसे लिहावे. गुढीपाडव्याला किंवा अनंत चतुर्दशीला बंद असेल तर त्या दिवसाची वेगळी वेळ टाकावी. उन्हातून येऊन शटर खाली पाहिलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि गुगलवर एकाच ताऱ्याचे वाईट परीक्षणही देऊन जाते.

परीक्षणांच्या बदल्यात सूट किंवा भेट देणे गुगलच्या नियमांत बसत नाही. ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले आहे. खुश होऊन निघालेल्या गिऱ्हाईकाला त्याच क्षणी विनंती करणे हाच सरळ मार्ग. वाईट परीक्षणाला उत्तर द्यावे, पण थोडक्यात. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे शंभर जण वाचणार असतात.

घरपोच सेवेच्या ॲपवर असणे उपाहारगृहांना आता टाळता येत नाही. कमिशन जाते आणि गिऱ्हाईकाशी थेट नाते ॲपकडे राहते. पार्सलमध्ये दुकानाच्या नंबरची चिठ्ठी टाकणे हा यावरचा स्वस्त उपाय अनेक जण करतात.

पत्रके, सूट आणि हिशेब

वर्तमानपत्रातून टाकायची पत्रके ठाण्यात अजून चालतात, विशेषतः क्लास, दवाखाना आणि मिठाईसाठी. त्यांचा फायदा मोजला जात नाही, ही खरी उणीव आहे. समजा एका पोळी-भाजी केंद्राने ४,००० पत्रके छापून पेपरवाल्यामार्फत वाटली आणि सारा खर्च ६,००० रुपये आला. त्यातून २० नवे लोक आले, म्हणजे माणशी ३०० रुपये पडले. त्यांपैकी पाच जण रोजचे झाले आणि प्रत्येकाकडून महिन्याला ४०० रुपये सुटले, तर महिन्याला २,००० रुपये, म्हणजे तीन महिन्यांत पैसे वसूल. चौथ्या महिन्यापासून कमाई. पण हे सगळे कळायला नवा माणूस आला की "आमच्याकडे कसे आलात?" हा प्रश्न विचारून उत्तर वहीत लिहावे लागते. पत्रकावर एखादा छोटा कूपन क्रमांक टाकला तर प्रश्नाचीही गरज नाही. गल्ल्यावरच्या मुलाला ही सवय लावणे मालकाला पत्रके छापण्यापेक्षा अवघड जाते, असा सर्वत्र अनुभव.

सूट देताना हिशेब आणखी चुकतो. शंभर रुपयांच्या मालावर २५ रुपये सुटत असतील आणि दहा टक्के सूट दिली, तर हातात १५ रुपये राहतात. पूर्वी १०० नग विकून मिळणारे २,५०० रुपये मिळवायला आता १६७ नग विकावे लागतात. विक्री दोनतृतीयांशाने वाढणार असेल तरच सूट परवडते, आणि तेवढी ती क्वचितच वाढते. त्याऐवजी जास्त मालाबरोबर काही देणे, जसे किलोभर चिवड्यावर पाव किलो शंकरपाळे, बरे पडते. भाव तोच राहतो आणि नवा पदार्थ घरात पोहोचतो.

वर्षाची चाल

ठाण्याचा धंदा पंचांगावर चालतो. गणपतीत कोकणातली मंडळी गावी जातात आणि कित्येक वस्त्यांतली रोजची विक्री उतरते. त्यामुळे गावी नेण्याच्या मालाची जाहिरात श्रावणातच हवी. पितृपक्षात कापड, सोने, वाहने यांची खरेदी लोक टाळतात. हा काळ दुरुस्ती, रंगकाम आणि दिवाळीच्या तयारीला द्यावा. परदेशी पाठवायच्या फराळाच्या ऑर्डरी दसऱ्याच्या आगेमागे घ्याव्या लागतात, कारण पार्सलला वेळ लागतो. घरगुती फराळवाल्यांनी वसुबारसेच्या आधी ऑर्डरी बंद केल्या की माल वेळेवर जातो. शब्द पाळणाऱ्या बाईची ऑर्डरींची वही पुढच्या वर्षी जाहिरातीशिवाय भरते. दिवाळी पहाटेला राम मारुती रोड आणि तलावपाळीवर तरुणाईची झुंबड उडते, पण ती खरेदीची नसते. त्या गर्दीत साडीचे दुकान उघडून बसण्यापेक्षा चहा, नाश्ता विकणाऱ्याला जास्त मिळते. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचेही तसेच.

सर्वांत कमी लेखला जाणारा मोसम संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा. वाण एकेक घेतले जात नाही. पन्नास, शंभर नगांची एकगठ्ठा मागणी येते आणि निवड मैत्रिणींशी बोलून होते. स्टेशनरी, प्लास्टिक, कापडी पिशव्या, रोपे विकणाऱ्या कोणालाही यात शिरता येते. डिसेंबरात नमुन्याचे पाच नग आणि शंभर नगांचा भाव एवढे तयार असले की झाले. शिवाय प्रत्येक वाण एका वेगळ्या घरात जाते. त्यावर दुकानाचा नंबर लहान अक्षरात असेल तर बायका हरकत घेत नाहीत, मोठ्या अक्षरात असेल तर घेतात.

कायद्याच्या मर्यादा

खांबावर, झाडावर, भिंतीवर विनापरवाना फलक लावणे हा सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविषयीच्या १९९५ च्या राज्य कायद्याखाली गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ च्या निकालात महापालिकांना बेकायदा फलकांवर कारवाईचे सविस्तर आदेश दिले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला महाकाय फलक कोसळून १७ जणांचा जीव गेल्यानंतर हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स अजूनही लागतात, पण दुकानदाराने त्यांचे पाहून आपला टांगू नये. कारवाई झाली की फलकावरचा फोन नंबर हाच पुरावा ठरतो.

एकगठ्ठा एसएमएस पाठवण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'ठाण्यात नंबर एक' हे सिद्ध करता येत नसेल तर लिहू नये. मधुमेह बरा करण्याचा दावा औषधे व जादूई उपचारांच्या जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यातल्या निषिद्ध यादीतच आहे, मग विकला जाणारा पदार्थ काढा असो की लाडू. घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापलेला असला की अनोळखी गिऱ्हाईकही भाव न करता डबा उचलते, असे विक्रेते सांगतात.