मोनो की स्ट्रेप? टॉर्चने घसा बघून कळत नाही

मोबाईलचा टॉर्च मारून पोराच्या घशात डोकावलं, तर मोनो आणि स्ट्रेप या घसा धरणाऱ्या दोन्ही आजारांत दिसतं तेच: टॉन्सिल लालभडक, सुजलेले, वर पांढरट थर. ताप आहे, आवंढा गिळवत नाही. आणि घरात मागच्या वेळची उरलेली अमॉक्सिसिलिनची (पेनिसिलिन गटातल्या अँटिबायोटिकची) स्ट्रिप नेमकी हाताशी लागते. ती तूर्त डब्यातच राहू द्या.

घशापेक्षा मान जास्त बोलते. स्ट्रेप म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. त्यात जबड्याच्या कोपऱ्याखाली, पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी येतात. मोनो, म्हणजेच ग्लँड्युलर फीव्हर, एप्स्टाइन-बार विषाणूमुळे होतो. त्यात कानामागून खाली बोटं फिरवली की मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी लागतात, कधी काखेतही. सकाळी पापण्या सुजलेल्या दिसू शकतात. स्ट्रेप एकदम उसळतो, जास्त करून ५ ते १५ वर्षांच्या मुलांत. मोनो कॉलेजच्या वयात जास्त छळतो. तो लाळेतून पसरतो, पण लक्षणं दिसायला ४ ते ६ आठवडे जातात, त्यामुळे काल कुणाची उष्टी बाटली तोंडाला लावलीस, ही उलटतपासणी फुकट.

आता त्या स्ट्रिपचं. मोनोत अमॉक्सिसिलिनचा उपयोग शून्य, वर अंगभर लाल पुरळ उठू शकतं. ती बहुतेकदा खरी अ‍ॅलर्जी नसते, तरी फाइलवर ‘पेनिसिलिन चालत नाही’ असं कायमचं लिहिलं जातं. उलट स्ट्रेपला अँटिबायोटिक हवंच, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांनी दिलेला कोर्स पुरा करायचा. नाहीतर पुढे ऱ्हुमॅटिक फीव्हर होऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याची भीती. म्हणून घशाचा स्वॅब आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्यावं. मोनोची खास रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

मोनोवर वेगळं औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पेज, ताक, भरपूर पाणी. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको. पावसाळ्यात डेंगी नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेनही नको. दारू बंद, कारण यकृतालाही सूज असते. ताप उतरल्यावरही थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो. त्याला आळस म्हणून पोराला बोलू नका.

घरचे विसरतात ती प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा अवयव. मोनोत ती सुजते आणि धक्क्याने फुटू शकते. त्यामुळे कबड्डी, फुटबॉल, जिम निदान ३-४ आठवडे बंद, नंतरही डॉक्टरांना विचारूनच. डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली, श्वास अडकू लागला किंवा पाणीही गिळेना, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.

आणि मानेतली गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल, तर मोनोचं नाव घेऊन बसू नका. आपल्याकडे टीबीची तपासणी करावीच लागते.