पिरॅमिडी प्रेरक मार्ग

पिरॅमिडी प्रेरक मार्ग : प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) बाह्यकातून, म्हणजे पृष्ठभागावरील थरातून, निघून मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातील चेतारज्जूत) उतरणारा, ऐच्छिक हालचालींचे आदेश नेणारा चेतातंतूंचा जुडगा. डॉक्टर त्याला ‘कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट’ म्हणतात. सुईत दोरा ओवणे, शर्टाचे बटण लावणे यांसारखी बोटांची नाजूक कामे मुख्यतः त्याच्या जोरावर होतात. लंबमज्जेच्या (मेरुरज्जूला जोडलेल्या मेंदूच्या सर्वांत खालच्या भागाच्या) पुढच्या अंगावर दिसणाऱ्या दोन निमुळत्या उंचवट्यांवरून हे नाव पडले. बाह्यकातील पिरॅमिडच्या आकाराच्या पेशींशी त्याचा संबंध जोडणे ही नेहमीची गल्लत आहे.

ललाटखंडाच्या (मेंदूच्या कपाळामागील भागाच्या) मागच्या कडेची वळी हे त्याचे मुख्य उगमस्थान. तेथील महाकाय पेशींचे वर्णन किव्हचे व्लादिमिर बेट्झ यांनी १८७४ मध्ये केले. या पेशींचा बोलबाला मात्र संख्येच्या मानाने फार : एका बाजूच्या सुमारे १० लाख तंतूंपैकी जेमतेम ३ टक्के त्यांचे. बाकीचे लहान पेशींचे, आणि त्यांतले बरेच तर स्पर्शसंवेदना घेणाऱ्या शेजारच्या भागातून येतात.

पंख्यासारखे पसरलेले हे तंतू खाली येताना ‘इंटर्नल कॅप्सूल’ या अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने शिरतात. त्यामुळे तेथे लहानशी रक्तवाहिनी बंद पडली, तरी चेहरा, हात व पाय एकदमच लुळे पडू शकतात. बाह्यकात तेवढीच इजा झाली, तर एखादा हातच दुबळा होतो. पुढे मध्यमस्तिष्क व मस्तिष्कसेतू हे मेंदूखोडाचे वरचे भाग ओलांडून लंबमज्जेच्या तळाशी ८५ ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूतील इजेने उजवे अंग लुळे पडते. ही अदलाबदल इटलीचे दोमेनिको मिस्तिकेल्ली यांनी १७०९ मध्ये वर्णिली.

वाढीची कथा अधिक रंजक आहे. गर्भधारणेनंतर सुमारे ८ आठवड्यांतच अक्षतंतू (चेतापेशींचे लांब धागे) लंबमज्जेपर्यंत पोचतात, २४ आठवड्यांपर्यंत मानेतील मेरुरज्जूच्या खालच्या टोकाला. मध्यरेषेवर कोठे वळायचे, हे नेट्रिन व तिला ओळखणारा डीसीसी हा ग्राही अशी प्रथिने ठरवतात. डीसीसीच्या जनुकात दोष असलेल्या काही व्यक्तींचा एक हात हलला, की दुसराही आपोआप तसाच हलतो.

वाट लवकर आखली जाते, पण वाहती व्हायला वेळ लागतो. तंतूंवरील मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण जन्माच्या सुमारास चढू लागते आणि ते काम पुढे दोन-तीन वर्षे तरी चालते. बाळ मान धरते त्यात मेंदूखोडातील इतर मार्गांचाही मोठा वाटा असतो. नऊ-दहा महिन्यांचे मूल चिमटीत चुरमुरा उचलते, ते मात्र या मार्गाचे काम. तळपायाच्या कडेला ओरखडा काढल्यावर तान्ह्या बाळाचा अंगठा वर जातो, तोही मार्ग अपक्व असल्यामुळे. मोठ्या माणसात तसे दिसले, तर मार्गाला इजा झाल्याची ती खूण ठरते. झोझेफ बाबिन्स्की यांनी ती १८९६ मध्ये नोंदवली.

जन्मतः प्रत्येक अर्धमेंदूचे तंतू शरीराच्या दोन्ही बाजूंशी बऱ्यापैकी जोडलेले असतात. पहिल्या दोन वर्षांत त्यांच्यात चढाओढ होऊन त्याच बाजूचे दुवे क्षीण होतात. जन्माआधीच एका अर्धमेंदूला मोठी इजा झाली, तर दुसऱ्याचे हे दुवे टिकून राहतात आणि दुबळा हात त्याच बाजूच्या मेंदूकडून हलवला जातो. असा हात बहुधा अवघडलेलाच राहतो.