कलावंतांचे करारवाद आणि प्रसिद्धी

दूरचित्रवाणी सूत्रसंचालक, रेडिओ निवेदक किंवा अभिनेता यांचा वाहिनीशी करारावरून खटका उडाला, की वकील आणि प्रसिद्धीप्रमुख एकत्र बसूनच पुढचे पाऊल ठरवतात. असे बहुतेक वाद निकालाआधीच तडजोडीत मिटतात. त्यामुळे लोकमत कोणाकडे झुकले आहे, याला वाटाघाटीत मोठे वजन येते.

कायद्याची चौकट जुनी आहे. इंग्लंडमधील लम्ली विरुद्ध वॅग्नर (१८५२) खटल्यात न्यायालयाने ठरवले, की गायिकेला ठरलेल्या रंगमंदिरात गायला भाग पाडता येणार नाही; दुसरीकडे गाण्यास मात्र मनाई करता येईल. वाहिन्यांची आजची ताकद याच मनाईत आहे. पडद्यावर न दिसणारा चेहरा लवकर विस्मरणात जातो, म्हणून वेळ सहसा वाहिनीच्या बाजूने असतो. कलावंताकडे असते प्रेक्षकांची सहानुभूती, आणि ती ताजी असतानाच वापरावी लागते.

अमेरिकेत २०१० साली सूत्रसंचालक कॉनन ओब्रायन यांनी ही सहानुभूती अचूक वापरली. रात्री ११.३५ चा त्यांचा ‘द टुनाइट शो’ दुसरे सूत्रसंचालक जे लेनो यांच्यासाठी १२.०५ वर ढकलण्याचे एनबीसी वाहिनीने ठरवले. १२ जानेवारीला ओब्रायन यांनी जाहीर निवेदन काढले. भाषा खेळकर, पण मजकूर तोलूनमापून लिहिलेला : कार्यक्रमाचे नुकसान करणाऱ्या या बदलात आपण सहभागी होणार नाही, असे त्यात होते, राजीनामा मात्र नव्हता. तो दिला असता, तर करारभंगाचा ठपका त्यांच्यावरच आला असता. नऊ दिवसांत सुमारे ४.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यातले सुमारे १.२ कोटी त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी होते, आणि हीच या तडजोडीतली सर्वांत मोलाची बाब म्हटली पाहिजे. बदल्यात सप्टेंबरपर्यंत दूरचित्रवाणीपासून दूर राहण्याचे बंधन आले. ओब्रायन रंगमंचीय दौऱ्यावर निघाले आणि दौऱ्याच्या नावातच त्यांनी ही मनाई गुंफली.

दावापत्र हेही प्रसिद्धीचे साधन असते. त्यातील आरोपांना सहसा बदनामीच्या दाव्यापासून संरक्षण मिळते, आणि मागितलेल्या रकमेचा मथळा होतो. मात्र करारात लवादाचे, म्हणजे न्यायालयाबाहेर त्रयस्थाकडून निवाडा घेण्याचे, कलम असेल, तर सुनावणी बंद दाराआड जाते. अभिनेते चार्ली शीन यांनी २०११ मध्ये वॉर्नर ब्रदर्स ही निर्मितीसंस्था आणि निर्माते चक लॉरी यांच्यावर १० कोटी डॉलरचा दावा लावला. न्यायाधीशांनी तो लवादाकडे पाठवला. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली आणि तिच्या अटी गोपनीय ठेवण्याचे दोन्ही बाजूंनी मान्य केले.