टॉप-अँड-टिल्ट

टॉप-अँड-टिल्ट : लहान ट्रॅक्टरच्या तीनबिंदू जोडणीतील (मागे अवजार धरणाऱ्या तीन दांड्यांतील) टॉप लिंक म्हणजे वरची दांडी आणि उजवी उचल-लिंक म्हणजे खालच्या उजव्या दांडीला उचलून धरणारा दुवा काढून त्यांच्या जागी हायड्रॉलिक जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने लांब-आखूड होणारे सिलिंडर, बसवण्याची सुधारणा. टॉप लिंकच्या जागच्या जॅकने अवजार पुढे-मागे कलते, उजव्या बाजूच्या जॅकने डावी-उजवीकडे. एरवी ही दोन्ही कामे ट्रॅक्टर थांबवून, खाली उतरून, स्क्रू फिरवून करावी लागतात. नाव अमेरिकेतले आहे. घराभोवतीची थोडी जमीन राखणाऱ्या, कुबोटा बीएक्स किंवा जॉन डिअर १०२५आर यांसारखे छोटे ट्रॅक्टर वापरणाऱ्या मालकांत ते रूढ झाले. खडीची लांब वाट बॉक्स ब्लेडने (पेटीसारख्या चौकटीतल्या पात्याने) सारखी करायची म्हटली की दर फेरीला पात्याचा कल बदलावा लागतो, आणि दहाव्यांदा खाली उतरल्यावर या सुधारणेची किंमत कळते.

महाराष्ट्रात हे नाव फारसे ऐकू येत नाही, पण त्यातले सुटे भाग ओळखीचे आहेत. ट्रॉली पलटी करणारा सिलिंडर गावोगाव ‘जॅक’ म्हणूनच ओळखला जातो. हायड्रॉलिक पलटी नांगराचे फाळ फिरवायलाही जॅक लागतो आणि त्यासाठी ट्रॅक्टरला जादा कंट्रोल व्हॉल्व्ह (लिव्हरने तेलाची दिशा बदलणारी झडप) बसवून घेण्याची पद्धत आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फिरणाऱ्या मिनी ट्रॅक्टरवर टॉप-अँड-टिल्ट बसवायचा झाला तर साहित्य हेच, फक्त लहान मापाचे.

मूळ जोडणी

तीनबिंदू जोडणीचे श्रेय हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याचे. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. फाळ खडकाला अडला की ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाई आणि कधी तो चालकावरच उलटा येई. खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरचाच भाग करून टाकले. नांगराचा ओढ वरच्या दांडीला दाबतो, तो दाब ओळखून हायड्रॉलिक्स खोली सांभाळते, आणि अवजाराचे ओझे मागच्या चाकांवर येऊन पकडही वाढते. या नियंत्रणाचे मुख्य ब्रिटिश पेटंट १९२६ मधले. १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन ९एन आणि १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनलेला टीई२० यांनी ही जोडणी जगभर नेली. भारतीय कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘एडीडीसी’ (ऑटोमॅटिक डेप्थ अँड ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे खोली आणि ओढ यांचे आपोआप नियंत्रण) अशी अक्षरे दिसतात, ती याच वंशातली.

उजव्याच उचल-लिंकला लांबी बदलणारी फिरकी का, याचे उत्तरही नांगरटीत आहे. साध्या नांगराने नांगरताना उजवी चाके आधीच्या तासात, म्हणजे नांगरलेल्या चरात, चालतात, ट्रॅक्टर कलतो, आणि नांगर सपाट ठेवायला उजवी बाजू वर घ्यावी लागते. टिल्टचा जॅक म्हणूनच सहसा उजवीकडे बसतो.

मिनी ट्रॅक्टरची जोडणी बहुधा पहिल्या श्रेणीची असते : टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटर, खालच्या लिंकांच्या पिना २२ मिलिमीटर आणि दोन खालच्या बिंदूंमधले अंतर ६८३ मिलिमीटर. भारतीय मानक आयएस ४४६८ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७३० या जोडणीसाठीच आहेत. जॅकची डोळी या पिनांशी जुळली नाहीत तर पुढचे सगळे काम वाया जाते. तरीही लेथवाल्याकडे जाताना पिना बरोबर न्यायला माणसे विसरतात.

ताकद, मापे आणि वेग

ताकद कमी पडेल ही भीती बहुतेकांना असते आणि ती बहुतेक वेळा निराधार ठरते. ५० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जॅकमधील पिस्टनचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. १५० बार दाबाला तो सुमारे ३,००० किलोचा जोर लावतो. मात्र अवजार उचललेले असताना दोन्ही जॅक ताणाखाली असतात, म्हणजे भार रॉडच्या बाजूच्या तेलावर येतो. २५ मिलिमीटरचा रॉड वजा केला की तिथे १४.७ चौरस सेंटिमीटरचे कडे उरते आणि जोर २,२५० किलोवर येतो. पाटा किंवा ब्लेड सांभाळायला तोही कितीतरी जास्त आहे.

खरी अडचण वेगाची. पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल तर हाच जॅक सेकंदाला १७ सेंटिमीटर धावतो. दहा सेंटिमीटरची चाल अर्ध्या-पाऊण सेकंदात संपली तर पात्याचा कल हाताने साधणे अशक्य. म्हणून होज पाइपच्या तोंडाशी बारीक भोकाची चकती बसवून तेल रोखतात. गरजेपेक्षा जाड जॅक घेण्यामागेही कारण हेच : जाड जॅक भरायला वेळ लागतो.

चालही फार लागत नाही. खालच्या लिंकचे टोक दहा सेंटिमीटर वर-खाली झाले तर अवजार सुमारे ८ अंशांनी कलते. चार फुटी पात्याच्या दोन टोकांत मग साधारण १७-१८ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि वाटेच्या कडेला पाणी काढून द्यायला तेवढा पुष्कळ होतो.

तेलाची वाट

लहान ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक्स बहुधा ‘ओपन सेंटर’ असते. पंप सतत तेल ढकलतो, आणि कोणताही लिव्हर हलवलेला नसेल तर ते तेल सगळ्या व्हॉल्व्हमधून फिरून टाकीत परत येते. नवा कंट्रोल व्हॉल्व्ह या वाटेवर, लिफ्टच्या (अवजार उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या मूळ हायड्रॉलिक यंत्रणेच्या) आधी, बसवावा लागतो. घरगुती जुळणीतली सर्वांत महाग चूक इथे होते. साध्या व्हॉल्व्हला दोनच मुख्य तोंडे असतात, एक तेल आत येण्याचे आणि एक परतीचे. परतीच्या तोंडातून तेल वाहताना दिसते, तेव्हा तेच पुढे लिफ्टला जोडावे असे वाटते. सुरुवातीला सगळे ठीक चालतेही. मग लिफ्टवर जड अवजार येते, तिथला पूर्ण दाब उलटा त्या परतीच्या कप्प्यात चढतो, आणि तो कप्पा दाबासाठी बनवलेलाच नसल्याने सील फुटतात किंवा बिडाची बॉडी तडकते.

यासाठी तिसरे तोंड असलेला व्हॉल्व्ह घ्यावा लागतो. त्याला पॉवर बियाँड म्हणतात. पंपाचे तेल आत येते, पुढच्या कामाचे दाबाखालील तेल तिसऱ्या तोंडातून लिफ्टकडे जाते, आणि जॅकमधून परतलेले तेल वेगळ्या पाइपने थेट टाकीत उतरते. बऱ्याच व्हॉल्व्हना एक छोटी बाही आत घालून हे तोंड उघडता येते. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हा असावा, किंमत नंतर.

अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक्सचे तेल एकच असते. झाकणाविना लोंबणाऱ्या कपलरवर (होज पाइप जोडायच्या तोंडावर) बसलेली धूळ त्यामुळे थेट गिअरपर्यंत पोहोचते. शेजाऱ्याची ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला जोडली की तिच्या जॅकमधले जुने काळे तेलही आपल्याकडे येते.

धरून ठेवणे

कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल (लिव्हरने सरकणारा आतला दांडा) कधीच पूर्ण बंद नसतो, त्याच्या बाजूने थोडे तेल झिरपतच असते. ट्रॉली पलटवताना ते जाणवत नाही. टॉप लिंकच्या जागी मात्र जॅक तासन्‌तास त्याच लांबीचा राहायला हवा, नाहीतर पाते हळूहळू कलत जाते आणि वाट सारखी होत नाही. उपाय म्हणजे जॅकवरच बसवलेला दुहेरी लॉक व्हॉल्व्ह. लिव्हर हलवून दाब आल्याशिवाय तो दोन्ही बाजूंचे तेल सोडत नाही. होज पाइप फुटला तरी अवजार जागच्या जागी राहते, आणि ड्राफ्ट कंट्रोललाही (वर सांगितलेल्या खोलीच्या नियंत्रणालाही) टॉप लिंकचा दाब पूर्वीसारखाच कळतो. खर्च वाचवायला हा भाग गाळणारे दोन महिन्यांनी तो विकत घेतात.

मर्यादा

जॅक बसले म्हणून लिफ्टची ताकद वाढत नाही. ती वाढवायला रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, टाकण्याचा प्रकार सर्रास चालतो. पंप, सील आणि लिफ्टची बॉडी ठरावीक दाबासाठीच बनवलेली असते, आणि हे काम वॉरंटीतही बसत नाही. शिवाय अडचण बहुधा पुढच्या धुऱ्याची असते. चाकांच्या धुऱ्यांमधले अंतर दीड मीटर आणि अवजाराचा मध्य मागच्या धुऱ्यामागे १.२ मीटर धरला, तर २५० किलोचे अवजार पुढून २०० किलो उचलून घेते. एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहावा असा साधारण निकष आहे. लहान ट्रॅक्टर त्याखाली पटकन जातो, स्टीअरिंग हलके लागू लागते, आणि पुढे वजने टांगावी लागतात.

गळती शोधायला हात फिरवू नये. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते, जखम किरकोळ दिसते, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात जातो. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपवरून फिरवला की डाग उमटतो.

जुळणी नीट झाली का, हे पाहायला अवजार उचलून खाली ठोकळे लावतात. ते अवजाराला टेकणार नाहीत, पण पडल्यास झेलतील इतपत. मग इंजिन बंद करून रॉडवर दोऱ्याची खूण बांधतात आणि सकाळी मोजतात. खूण सरकली असेल तर लॉक व्हॉल्व्ह किंवा पिस्टनचा सील उघडून पाहावा लागतो. खूण जागेवर असून अवजारच खाली आले असेल, तर तेल ट्रॅक्टरच्या मूळ लिफ्टमध्ये झिरपते आहे, नव्या जॅकमध्ये नव्हे.